पाऊल टाकतं कोण?

मेन रोडवर, भर बाजाराच्या वेळी, तळहातासारख्या सपाट रस्त्यावर मी पालथा पडलो, तेव्हा मदतीला धावलेल्या मंडळींनी आधी दगड शोधला आणि मग मला उचललं. दगड सापडला नाही. केळ्याची सालही नव्हती. एका कापडवाल्याने तर दुकानातून उतरून वहाणेच्या टोकाने धूळ चाचपून पाहिली आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "काहीच नाही हो इथं!" जणू मी त्यालाच फसवलं होतं. माणूस खड्ड्यात पडला तर लोक खड्ड्याला शिव्या देतात आणि पडणाऱ्याला चहा. कारण नसताना पडलेल्याला कोणी चहा देत नाही. त्याच्या तोंडाचा वास घेतात. माझ्याही तोंडाचा एकाने घेतला.

साल १९३६, फेब्रुवारीचे दिवस. मी भास्कर गायधनी, वय वर्षं चौतीस, नाशकाच्या मोजणी कचेरीत नकलनवीस. इतरांनी मोजून आणलेल्या जमिनींचे नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर उतरवून काढायचे, हे माझं काम. सायखेड्याचा गोदाकाठ मला बांधाबांधाने पाठ आहे. सायखेड्याला मी कधी गेलेलो नाही.

तिवंध्यातल्या बिऱ्हाडी आलो तेव्हा आमच्या हिने आधी गुडघा पाहिला, मग धोतर पाहिलं, आणि दोहोंपैकी धोतराची जखम जास्त खोल आहे असं ठरवून सुई-दोरा आणला. तेवढ्यात शेजारच्या वत्सलाबाई आल्या. या वत्सलाबाईंना मूलबाळ नाही, यजमान जाऊन दहा वर्षं झाली, त्यामुळे सबंध आळीची काळजी त्यांच्यावर येऊन पडलेली. त्यांनी माझ्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, शनिवारी मारुतीला तेल घालायला सांगितलं आणि जाता जाता हिला हळूच विचारलं, "हल्ली जेवणावर वासना आहे ना यांची?" तळमजल्यावरच्या वैद्यांनी वात सांगितला. समोरच्या वकिलांनी चष्मा सांगितला. का पडलो, हा प्रश्न सगळ्यांना पडला होता.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडला. आज पडलो हे ठीक. पण इतके दिवस रोज का पडलो नाही? घरून कचेरी, कचेरीहून घर, अशी दिवसाची पाच-सहा हजार पावलं मी बारा वर्षं टाकतो आहे. त्यातलं एकही टाकल्याचं मला आठवत नाही. मी रस्त्याने साहेबांना द्यायची उत्तरं मनात जुळवतो, भाजीचे भाव ऐकतो, ओळखीचे लोक टाळतो. मग तेवढ्या वेळात पाऊल टाकतं कोण?

हा प्रश्न मी तिथेच सोडला असता, तर ही हकिगत इथेच संपली असती. पण तिसऱ्या दिवशी कचेरीत नोटीस लागली. फिरत्या मोजणीदाराची एक जागा भरायची होती. परीक्षा मार्चअखेर: हस्ताक्षर, गणित आणि 'पावलांनी अंतर काढणे'. माळरानावर साहेब दूर एक निशाण रोवणार. उमेदवाराने तिथवर सारख्या पावलांनी सरळ चालत जायचं आणि पावलं मोजून अंतर सांगायचं. अक्षर माझं मोत्यासारखं आहे, गणितही वाईट नाही. चालायचं तर काय, लहान पोरंही चालतात! असं आठवड्यापूर्वी मी म्हटलं असतं.

तेव्हा मी चालण्याचा अभ्यास करायचं ठरवलं. आधी दुसऱ्यांचं पाहावं म्हणून संध्याकाळी सुंदरनारायणाच्या देवळापाशी जाऊन बसू लागलो. तिथे पाय भरपूर. दोन दिवसांत मला असं दिसलं की माणूस पाऊल उचलताना टाच आधी उचलतो, अंगठ्याने जमिनीला एक बारीकसा रेटा देतो, आणि पाय पुढे आला की आधी टाच टेकवतो. हे सगळे असंच करतात: सावकार, भिक्षेकरी, पुराणिक आणि कुल्फीवाला. कोणाला कोणी शिकवलेलं नाही. मला मोठा आनंद झाला. तिसऱ्या दिवशी देवळाबाहेर लोकांच्या वहाणा राखत बसणारी नवसाबाई उठून माझ्यासमोर उभी राहिली.

"तीन दिस बघतेय मी," ती म्हणाली. "कोन्त्या जोडावर डोळा हाय तुमचा?"

"बाई, मी वहाणा बघत नाही. पाय बघतो."

"म्हंजी त्याहून वंगाळ," नवसाबाई म्हणाली.

सरकारी नोकराला देवळाच्या दारातून हाकलून देण्याचा तो नाशकातला पहिलाच प्रसंग असावा. त्यानंतरचं संशोधन मी घरात सुरू केलं.

पाय पुढे जाताना बोटं जमिनीपासून किती उंचावरून जातात, हे मला मोजायचं होतं. मी हिच्याकडून भिजवलेली कणीक मागून घेतली आणि माजघरात एक लांब वळकटी आडवी थापली, उंची एक बोट. मग डोळे समोर ठेवून, रामरक्षा म्हणत, तिच्यावरून चालत गेलो. वळकटीला अंगठा घासला. उंची कमी केली, अर्धं बोट ठेवली. वीस वेळा गेलो, एकदाही स्पर्श नाही. पाऊण बोट ठेवली तर कधी लागायची, कधी नाही.

"अगं, अर्धं बोट!" मी ओरडलो. "दर पावलाला आपण अर्ध्या बोटाने वाचतो! तेवढं चुकलं की माणूस तोंडावर. आणि हा हिशेब दिवसातून पाच हजार वेळा बिनचूक होतो, आपल्याला न विचारता!"

ही चुलीपाशी होती. तिने मागे न बघता विचारलं, "त्या कणकेच्या आता पोळ्या करायच्या आहेत का?"

या शोधाचा परिणाम असा झाला की दुसऱ्या दिवसापासून मला चालता येईना. उजवं पाऊल उचललं की वाटायचं, अर्धं बोट झालं का? म्हणून मी ते चार बोटं उचलायचो. मग टाच आधी टेकायची म्हणून टेकवायचो, तोवर डावा पाय काय करतोय याकडे दुर्लक्ष व्हायचं आणि तो जागीच राहायचा. कचेरीत चिखलातून चालल्यासारखा शिरलो. हेडक्लार्कनी कोरड्या जमिनीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "गायधनी, परीक्षेत निशाणापर्यंत जायचंय. बगळा व्हायचं नाही."

वत्सलाबाईंनी आता करणीचं नाव काढलं.

या अवस्थेत एका दुपारी मी भद्रकालीत सलाउद्दीन नालबंदाच्या दुकानापुढून चाललो होतो. टांग्याच्या घोड्यांना नाल ठोकणारा हा चाळिशीचा माणूस. बाप-आजापासून हाच धंदा. घोड्याचा खूर मांडीवर घेऊन तो तासत होता. माझ्याकडे न बघता, नुसता आवाज ऐकून म्हणाला, "कोन ते? डाव्यावर जोर टाकताय, उजवा उगाच आपटताय. खडा लागला काय?"

मी थांबलो. ज्या माणसाला न बघता पाय कळतात, त्याच्यापासून लपवण्यात अर्थ नव्हता. त्याच्या दगडी ओट्यावर बसून मी मेन रोडपासून कणकेपर्यंत सगळी हकिगत सांगितली. तो हसला नाही. कानस खाली ठेवली.

"भाऊसाहेब, घोडं काय पाय मोजून टाकतं काय?" तो म्हणाला. "आमचे अब्बा म्हनायचे, घोडं चालत नाय, घोडं पुढं पडतं. पडतं आन पाय त्याला झेलतो. आंग जिकडं गेलं, पाय तिकडं जातोच. मालक चुकीचा बसला तर घोड्याचा पाय वाकडा पडतो, त्यात पायाचा काय गुन्हा?"

"म्हणजे पाय अंगाच्या मागे जातो?"

"मागं नाय. आंग जिथं पडनार, तिथं आधी जाऊन उभा राहतो. पटत नसंल तर चाला. मी बाजूनं धक्का देतो."

मी चाललो. त्याने खांद्याला धक्का दिला. मी डावीकडे कललो, आणि माझा डावा पाय, मी काही ठरवायच्या आत, चांगला हातभर बाहेर जाऊन पडला. मी उभाच होतो!

"कोनी टाकला?" सलाउद्दीनने विचारलं.

"मी नाही!"

"पुन्यांदा?"

आम्ही पुन्हा केलं. मग मी त्याला ढकललं, मग त्याने मला. पाय हवेत असताना ढकललं तर तो लगेच बाहेर पडतो. जमिनीवर असताना ढकललं तर पुढचं पाऊल ते काम करतं. हे एवढं रंजक होतं की भोवती गर्दी जमल्याचं आमच्या ध्यानात आलं नाही. ध्यानात आलं ते हवालदार गोटीराम काठी घेऊन गर्दीत घुसले तेव्हा. त्यांना चौकीवर कोणी तरी वर्दी दिली होती की भद्रकालीत एक हिंदू आणि एक मुसलमान एकमेकांना धक्के देत आहेत.

"काय भानगड आहे?" त्यांनी दरडावलं. "कोणी आधी ढकललं?"

"यांनी," मी म्हणालो. "पण मला विचारून."

"मंग यांनी ढकललं मला," सलाउद्दीन म्हणाला. "लय चांगलं ढकललं."

हवालदारांची लेखणी अडली. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं: अंग, पाय, अर्धं बोट. त्यांनी आधी काठी काखेत मारली. मग लोकांना पांगवलं, पट्टा सैल केला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मी चालतो. ढकला बघू." सलाउद्दीनने ढकललं. हवालदारांचा बूट घातलेला पाय टप्पकन बाजूला पडला. "च्यायला!" ते म्हणाले, आणि पुन्हा चालू लागले. नंतर त्यांनी वहीत लिहिलं ते मी वाचलं: 'सदर इसम परस्परसंमतीने ढकलत होते. शांतताभंग नाही.'

आता पुढची पायरी म्हणजे ठसे. पावलं जमिनीवर नेमकी कुठे पडतात हे कापडावर उमटवायचं, म्हणजे परीक्षेचाही सराव होईल. कचेरीत ट्रेसिंगचं बाद झालेलं कापड पडून होतं. अर्ज केला. अर्ज परत आला: 'खासगी पायांसाठी सरकारी कापड देता येत नाही.' दुसरा अर्ज केला की परीक्षेच्या तयारीसाठी हवं आहे. शेरा पडला: 'मंजूर. कामानंतर कापड ठशांसह दप्तरी दाखल करावे.' त्या शेऱ्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

तळव्यांना काव फासून मी कापडाच्या पट्टीवर चाललो. किती गंमत असते त्या तांबड्या ठशांत! पावलं एका रेषेत पडत नाहीत. दोन रांगा, मध्ये चार बोटांचं अंतर. डाव्या हातात पाण्याची कळशी घेतली की सगळी माळ एका अंगाला सरकते. डोळे मिटले की दोन रांगा एकमेकींपासून लांब जातात. जणू पाय घाबरून रुंद पसरतात. मी ही पट्टी सलाउद्दीनला दाखवायला नेली. त्याने ती दुकानाच्या फळीवर पसरली, उकिडवा बसून टोकापासून टोकापर्यंत पाहिली.

"भाऊसाहेब," तो शेवटी म्हणाला, "एक कोरी पट्टी मिळंल काय? घरच्यांसाठी."

चार वर्षांपूर्वी मोठ्या तापात त्याच्या बायकोचा, सलिमाचा, डावा पाय गेला होता. तसा चालायचा, पण पुढचं पाऊल लोंबायचं. जिना चढावा तसा गुडघा उंच उचलून ती घरात फिरायची. उंबऱ्याला अडखळून दोनदा पडली, एकदा चुलीशेजारी. तेव्हापासून ती घराबाहेर निघत नव्हती. महिन्याभरात चांदवडला तिच्या धाकट्या बहिणीचं, रेहानाचं, लग्न होतं, आणि सलिमाने निरोप पाठवला होता की मी येत नाही. चार लोकांत तशी चालणार नाही.

"घोड्याचा पाय मी बघतो," सलाउद्दीन म्हणाला. "हिचा बघितला की डोकं चालत नाय."

दोन दिवसांनी पट्टी आली. सलिमाबाईंना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांची पावलं तेवढी माझ्या माजघरात अंथरली होती, लहानशी, बांगडीएवढी टाच. उजवी पावलं कोणाचीही असावीत तशी. डाव्या पावलांची टाच पुसट, बोटांची बाजू गडद, आणि एका डाव्या ठशापासून पुढच्या डाव्या ठशापर्यंत एक बारीक तांबडी रेघ ओढलेली.

ही पोळपाट बाजूला सारून आली आणि त्या रेघेवरून तिने बोट फिरवलं.

"गुडघा एवढा उचलूनही बोटं घासतायत," ती म्हणाली. "तुमचं ते अर्धं बोट. ते हिच्याकडे नाही."

मी तीन आठवडे कणीक थापत होतो, ते तिने एका वाक्यात संपवलं. मला थोडं वाईट वाटलं.

"मग कोणी तरी ते अर्धं बोट वर ओढून धरायला हवं," ही पुढे म्हणाली. "कळसूत्री बाहुलीचा पाय धरतात तसं."

सलाउद्दीन लोखंडाचा माणूस. त्याने पोलादी पट्टीचा एक रिकिबीसारखा सांगाडा बनवला. सलिमाबाईंनी तो पायात घातला, तीन पावलं चालल्या आणि काढून अंगणात फेकला. "मैं तुम्हारी घोड़ी नहीं हूँ," असा निरोप आम्हाला जसाच्या तसा पोचवण्यात आला. मग चामड्याचा पट्टा झाला, वहाणेच्या टोकापासून गुडघ्याखालच्या पट्ट्यापर्यंत. बोटं वर राहिली खरी; पण पाय आता खाली वाकेचना आणि अंगठ्याचा तो बारीकसा रेटा देता येईना. त्या फळीवरून चालल्यासारख्या खटखट चालू लागल्या.

तेव्हा ही म्हणाली, "मी जाऊन बघते."

वत्सलाबाई दारातच होत्या. "भद्रकालीत? त्यांच्या घरात?"

"हो. आल्यावर अंघोळ करीन," ही म्हणाली, आणि गेली. आल्यावर अंघोळ केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशी गेली, आणि आल्यावर अंघोळ करायला विसरली. वत्सलाबाईंनी ते मोजलं. चौथ्या दिवशी त्याच विचारू लागल्या, "काय म्हणतोय गं तिचा पाय?"

हिने पाहून आणलेली गोष्ट अशी होती: ओढणारी वस्तू ओढायलाही हवी आणि वेळेला सैल पडायलाही हवी. चामडं सैल पडत नाही. रबर पडतं. सलाउद्दीनच्या दुकानासमोर सायकलवाला होता. त्याच्याकडून फाटक्या ट्यूबची पट्टी आली. ती आधी माझ्या पायावर तपासायचं ठरलं, कारण मी मोकळा होतो आणि माझ्या पायाचं जे व्हायचं ते झालेलंच होतं.

गुडघ्याखाली पट्टा, वहाणेला आकडी, मध्ये ताणलेलं रबर, असा मी गच्चीवर चालू लागलो. सहा पावलं उत्तम गेली. सातव्याला गुडघ्याचा पट्टा निसटला, आकडीसकट रबर सुटलं आणि माझी वहाण पायातून निघून वत्सलाबाईंच्या कुरडयांच्या वाळवणात जाऊन पडली. चार दिवसांचं काम! मी मान खाली घालून उभा राहिलो. वत्सलाबाईंनी कुरडयांतून वहाण उचलली, रबर ताणून पाहिलं आणि म्हणाल्या, "पट्टा खाली सरकतोय. याला आतून मऊ फडकं लावा आणि गुडघ्याच्या वर एक बंद घ्या. आमच्या ह्यांचा मोजा असाच घसरायचा." त्या पट्ट्याचं अस्तर वत्सलाबाईंच्या हातचं आहे.

इकडे कचेरीत दप्तरी दाखल केलेल्या पट्ट्यांवर मेमो निघाला. 'परीक्षार्थी एक असता दोन व्यक्तींचे ठसे आढळतात. पैकी एक व्यक्ती स्त्री असावी. खुलासा करावा.' मी खुलासा लिहिला की दुसरे ठसे तुलनेसाठी घेतले. त्यावर मेमो: 'तुलनेस कोणत्या नियमान्वये परवानगी घेतली?' मी लिहिलं की कोणत्याही नाही. तिसरा मेमो परीक्षेनंतर काढण्यात येईल असं मला तोंडी सांगण्यात आलं.

परीक्षा उजाडली. त्र्यंबक रस्त्याच्या बाजूच्या माळावर साहेब, हेडक्लार्क आणि आम्ही तीन उमेदवार. अक्षर आणि गणित आदल्या दिवशी होऊन गेलं होतं; दोन्हींत मी पहिला होतो. लांबवर तांबडं निशाण फडफडत होतं. पहिला उमेदवार वाकडा जाऊन एका बाभळीपाशी पोचला. दुसरा बरा गेला. मग माझं नाव पुकारलं.

त्याच सकाळी भद्रकालीत सलिमाबाई नवा पट्टा घालून पहिल्यांदा अंगणाच्या बाहेर चालणार होत्या. ही आणि वत्सलाबाई दोघी तिकडे गेल्या होत्या. मी पाऊल उचललं तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं: अस्तर घासत तर नसेल? आकडी धरेल ना? उंबरा ओलांडताना रबराचा ताण कमी पडला तर? बाहेर गल्लीत उतार आहे, उतारावर टाच आधी टेकेल का? ही तिच्या डाव्या बाजूला उभी राहिली असेल ना? मी सांगायला विसरलो होतो...

वर पाहतो तो निशाण माझ्या छातीसमोर. मागे वळलो. साहेब दुर्बिणीतून बघत होते. ते स्वतः चालत माझ्यापर्यंत आले, माझ्या पावलांच्या बाजूने, धुळीतले ठसे निरखत.

"शाबास!" ते म्हणाले. "मोजणीची साखळी टाकावी तसा सरळ आलात. एकेक पाऊल सारखं. इतकं सुंदर चालणं मी इतक्या वर्षांत पाहिलं नाही. किती पावलं झाली?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. मग ठशांच्या त्या लांब रांगेकडे पाहिलं.

"साहेब," मी म्हणालो, "मोजायची राहिली."

फिरत्या मोजणीदाराची जागा बाभळीपाशी पोचलेल्या गृहस्थांना मिळाली. दुसरा उमेदवार गणितात नापास होता, आणि हे वाकडे गेले असले तरी त्यांनी मोजलं होतं; सरकारला आकडा लागतो. साहेबांना वाईट वाटलं असावं. तिसरा मेमो त्यांनी निघू दिला नाही. मी अजून नकला करतो.

परत येताना सरळ भद्रकाली गाठली. सलाउद्दीन दुकानात नव्हता, भट्टी विझलेली. ही आणि वत्सलाबाई सायकलवाल्याच्या बाकावर बसून उसाचा रस पीत होत्या. वत्सलाबाई भद्रकालीत, चारचौघांत, रस पीत होत्या! काय झालं ते विचारायची गरज उरली नाही. तरीही विचारलं.

"कोपऱ्यापर्यंत गेली आणि आली," ही म्हणाली. "येताना माझा हात सोडला." मग रसाचा पेला खाली ठेवून, "तुमचं काय झालं?"

"सरळ चाललो," मी म्हणालो.

पुढच्या आठवड्यात नवरा-बायको आग्रा रोडच्या मोटारीने चांदवडला गेली. रबराच्या दोन जादा पट्ट्या आणि आकडी वत्सलाबाईंनी पुरचुंडीत बांधून दिल्या होत्या. सहा दिवसांनी सलाउद्दीन आमच्या दारात उभा राहिला, हातात लग्नाच्या मिठाईचा पुडा. उंबऱ्याच्या आत आला नाही. ही 'आत या' म्हणाली तेव्हा आला.

"कसं झालं लग्न?" मी विचारलं. "चालल्या ना सलिमाबाई?"

"चार दिस घरभर. पान्याच्या घागरी आनल्या, पोरींना मेंदी लावली. कोनाला वाटलंबी नाय." त्याने पुडा हिच्या हातात दिला. "पन एकदा पडली."

आमच्या हिच्या हातातला पुडा तसाच राहिला. "कुठे? रबर तुटलं का? आकडी निसटली?"

"नाय, नाय. सगळं जागेवर व्हतं." सलाउद्दीनने टोपी काढून हातात घेतली. "रेहानाची पाठवनी चालली व्हती. समद्या बाया रडत व्हत्या. हीबी गळ्यात पडून रडली, आन डोळ्यातलं पानी नाय पुसलं, तशीच निघाली. पायरी दिसली नाय. धाडदिशी पडली. मी पळालो उचलायला. तर ही बसून हसतीया! माझी सासू म्हनली, लागलं काय गं? तर म्हनती, अम्मी, इस बार पैर का कसूर नहीं. रोते-रोते गिरी हूँ, जैसे सब गिरते हैं."

हिने पदर डोळ्यांना लावला. मी तिच्या हातातला मिठाईचा पुडा घेऊन उघडला. वत्सलाबाईंना हाक मारायची होती, पण त्या आधीच दारात येऊन उभ्या होत्या.